जुना डेस्कटॉप, वायफाय कार्ड आणि ‘भंगारात द्या’ म्हणणारे

वावरवाला, दारव्हा :
काल एका सदस्यांनी येथे लिहिले की, दहा वर्षांच्या डेस्कटॉपला वायफाय कार्ड लावून प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) नव्याने टाकणे म्हणजे पैशांची नासाडी असून तो सरळ भंगारात द्यावा. ज्यांच्या हाती कापूस विकल्यावरच पैसा येतो, त्यांना ऐन पेरणीत नवा संगणक घ्या असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम यांवर सातबारा काढणे, अर्ज भरणे ही कामे निवांत होतात. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा (जोडकार्डांसाठीचा नवा प्रकार) आखूड स्लॉट, म्हणजे खाच, रिकामा असला की कार्ड बसवण्यास फक्त स्क्रू-ड्रायव्हर लागतो. लोक फसतात ते पुढे : डिस्क आधी पुसतात, नव्या प्रणालीत कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, सापडत नाही, आणि तो उतरवण्यासाठी इंटरनेटच नसते. म्हणून ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्यावा, अथवा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते.

संत्रापट्टा, मोर्शी :
तो उद्धट सदस्य मीच. भाऊ, टाकणार कोणती प्रणाली, ते मात्र आपण खुबीने टाळले. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची खास चिप) लागते आणि इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची चिप, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे चालत नाही. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकायचा काय?

वावरवाला :
विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 ही मोफत प्रणाली टाकावी. त्याला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

जुना टंकलेखक, आर्वी :
आपण दोघेही फाँटबद्दल चकार शब्द काढत नाही. आमच्याकडे दुकानदाराने न विचारता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि त्याबरोबर फाँटही गेले. दस्त डी ड्राइव्हवर सुरक्षित होते. पण कृतिदेव या जुन्या फाँटमधील पत्रे उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसे. श्रीलिपी तर निव्वळ फाँट नव्हे, विंडोजवरचे सॉफ्टवेअर आहे. मिंटवर ती मी कशी चालवावी?

संत्रापट्टा :
1991 मध्ये युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामायिक संगणकीय संकेतांच्या, पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. इतक्या वर्षांत आपण इनस्क्रिप्ट हा युनिकोडमध्ये टंकण्याचा कळफलक शिकला नाहीत, हा संगणकाचा दोष खचितच नव्हे.

जुना टंकलेखक :
रेमिंग्टन टंकयंत्राच्या कळांवर परीक्षा देऊन ज्यांनी आयुष्यभर पोट भरले, त्यांची बोटे आपल्या उपदेशाने वळणार नाहीत. शिवाय नमुने, करारनामे, जुने अर्ज पुन्हा टंकून देण्यास आपण येणार आहात काय?

वावरवाला :
कृतिदेवची टीटीएफ (फाँटची) फाइल मिंटमध्ये टाकली की जुनी पत्रे नीट दिसतात. फाँट बदलणाऱ्या परिवर्तक सॉफ्टवेअरने ती युनिकोडमध्येही आणता येतात, फक्त रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. श्रीलिपीपुरते काकांचे म्हणणे मान्य; त्यांनी विंडोजची डिस्क काढून ठेवावी आणि मिंट दुसऱ्या डिस्कवर टाकावे.

संत्रापट्टा :
म्हणजे कार्ड, दुसरी डिस्क, परिवर्तक आणि डोळ्यांची तपासणी. स्वस्तात पडले म्हणायचे!

ताडोबाशेजारी, चिमूर :
फाँटच्या भांडणात कार्ड राहून गेले. काही जुन्या बोर्डांवर केवळ जुन्या पद्धतीचा लांब पीसीआय स्लॉट असतो, त्यात एक्सप्रेसचे कार्ड बसत नाही. खरेदीपूर्वी झाकण उघडून पाहावे. अँटेना पत्र्याच्या कॅबिनेटमागे भिंतीला टेकली तर सिग्नल मरतो. मातीच्या जाड भिंतींच्या घरात वायफायचा 5 गिगाहर्ट्झपेक्षा 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल दूरवर पोचतो. वीज वारंवार जाते तेथे बोर्डवरील सीआर2032 हा बटणासारखा, घड्याळ चालू ठेवणारा सेलही बदलावा. तो संपला की संगणकाची तारीख मागे जाते, मग सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि लोक नव्या कार्डालाच शिव्या देतात.

संत्रापट्टा :
सेलचे म्हणणे पटले. बाकी मत कायम आहे. वावरवाल्यांनी मिंट टाकून झाल्यावर काकांचा प्रिंटर चालवून दाखवावा, मग पुढे बोलू.

जुना टंकलेखक :
प्रिंटरला हात लावण्यापूर्वी मला विचारावे.