एमएससीनंतरची पहिली डेटा सायन्सची नोकरी: दिवस क्वेरी लिहिण्यातच जातो, शिकलेले विसरायला होईल का?

मुठाकाठ:

नमस्कार. मी पुण्यातच संख्याशास्त्रात एमएससी केले आणि तीन महिन्यांपूर्वी खराडीतील एका कर्जपुरवठा करणाऱ्या कंपनीत डेटा सायंटिस्ट म्हणून रुजू झाले. माझा प्रकल्प सर्व्हायव्हल ॲनालिसिसवर, म्हणजे एखादी घटना घडेपर्यंत किती काळ जातो याच्या अभ्यासावर होता. काप्लान-मायर वक्र आणि कॉक्स यांचे मॉडेल या त्यातील पद्धतींत मी वर्षभर बुडालेली होते. येथे मात्र दिवसाचे बहुतेक तास एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या आज्ञा) लिहिण्यात आणि दोन टेबलांतील कर्जांची संख्या का जुळत नाही हे शोधण्यात जातात.

गेल्या महिन्यात मला पहिले मॉडेल करायला मिळाले. कर्ज मंजूर करताना ते पुढे थकेल का, याचा अंदाज बांधायचा होता. चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर अचूकता ९८ टक्के आली. मॅनेजरांनी पाच मिनिटे पाहिले, 'हे वापरता येणार नाही' असे सांगितले आणि कारण मीच शोधावे असे म्हणाले. आठवडा झाला, मला ते सापडलेले नाही. माझे काय चुकले असेल? आणि असेच चालू राहिले तर दोन वर्षे घेतलेले शिक्षण गंजून जाईल, ही माझी भीती रास्त आहे का?

विचलन:

मी बरीच वर्षे कर्जांच्याच डेटावर काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अचूकतेची. शंभर कर्जांपैकी तीन थकत असतील, तर 'एकही कर्ज थकणार नाही' एवढे एकच वाक्य बोलणारे मॉडेलसुद्धा ९७ टक्के अचूक ठरते. त्यामुळे ९८ हा आकडा बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष थकलेल्या कर्जांपैकी मॉडेलने किती ओळखली, तसेच ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांतील किती खरोखर थकली, हे दोन आकडे काढा.

हे दोन्ही आकडेही फार चांगले आले, तर आनंद मानण्याआधी प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारा: कर्ज मंजूर करण्याच्या दिवशी ही माहिती आपल्या हातात होती का? कर्जाच्या टेबलात अर्जातील उत्पन्न आणि वसुली विभागाने केलेल्या फोनची संख्या शेजारी शेजारी बसलेली असते. फोन मुख्यतः हप्ता चुकल्यावरच होतात. मॉडेलला तो कॉलम दिला की ते भविष्य ओळखत नाही, घडून गेलेले वाचून दाखवते. यालाच डेटा लीकेज म्हणतात, आणि डेटा यदृच्छया दोन भागांत विभागून केलेल्या चाचणीत ते दिसत नाही, कारण तोच कॉलम दोन्ही भागांत असतो.

यापुढची अडचण तुमच्या प्रकल्पाच्या अगदी जवळची आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की बँका कर्ज एनपीए (अनुत्पादक कर्ज) धरतात. तुमच्याकडेही हीच व्याख्या असेल, तर दोन महिन्यांपूर्वी दिलेले कर्ज आज एनपीए असूच शकत नाही, कारण त्याला तेवढा अवकाशच मिळालेला नाही. अशा कर्जांवर 'चांगले' असा शिक्का मारून ती मॉडेलला दिली, तर नवे ग्राहक सुरक्षित असतात असा खोटा धडा ते शिकते. आता आठवून पाहा, निरीक्षणाचा काळ संपला पण घटना अजून घडलेली नाही, अशा नोंदीला तुम्ही वर्षभर काय म्हणत होता? सेन्सॉर्ड. कॉक्स यांचे १९७२ चे मॉडेल अशाच नोंदींना न्याय देण्यासाठी वापरले जाते. मुदतीआधी फेडली गेलेली कर्जे हाही त्याच विषयातला, स्पर्धक जोखमीचा (एक घटना घडली की दुसरी घडूच शकत नाही अशा स्थितीचा) प्रश्न आहे. ज्या विद्येला गंज चढेल असे तुम्हाला वाटते, तिची या कामाला गरज आहे. फक्त पाठ्यपुस्तकात सेन्सॉरिंगचा कॉलम तयार मिळतो आणि येथे तो तुम्हाला एसक्यूएलमध्ये स्वतः उभा करावा लागतो.

सरासरी:

वरील उत्तर तंत्राच्या बाजूने मला पूर्ण मान्य आहे. मात्र एका गोष्टीबद्दल माझे मत वेगळे आहे. नव्या माणसाला आठवडाभर एकट्याने चाचपडत ठेवणे ही शिकवण्याची चांगली रीत नाही, आणि तुम्हीही गप्प राहू नये. मॅनेजरांकडे 'मला जमत नाही' असे म्हणत जाण्याऐवजी एक पानभर टिपण घेऊन जा: कोणत्या शंका तपासल्या, त्यांतून काय निघाले, पुढे कोणती तपासणार. असे टिपण हातात असले की वरिष्ठ दहा मिनिटे नक्की देतात. प्रत्येक क्वेरी गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा आणि कोणा सहकाऱ्याला ती वाचायला सांगा. टेबलांतील संख्या न जुळण्याचे कारण पुष्कळदा जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबले जोडण्यात असते: एका कर्जाला दोन सहकर्जदार असले, तर तेच कर्ज दोनदा मोजले जाते.

आणखी एक आवर्जून सांगते. अडले म्हणून ग्राहकांच्या नोंदी बाहेरच्या एआय साधनात कधीही चिकटवू नका. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ती माहिती लोकांनी कर्जासाठी विश्वासाने दिलेली आहे.

यंत्रशाळा:

माझे क्षेत्र वेगळे आहे, चाकणच्या एका कारखान्यातील यंत्रांचा डेटा, पण अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. यंत्र बंद पडण्याच्या कारणांत 'इतर' सर्वाधिक येत असे आणि त्यावर मी महिनाभर वर्गीकरणाचे प्रयोग केले. शेवटी प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो तेव्हा कळले की पडद्यावरच्या यादीत 'इतर' सर्वांत वर आहे आणि पाळी संपताना ऑपरेटर घाईत तेच निवडतो. दुसरा घोळ वेळेचा होता. सर्व्हरवर नोंदी यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) पडत होत्या. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्र ते पहाटे साडेपाचचे उत्पादन आदल्या दिवसात मोजले जाई, आणि रात्रपाळीचा आकडा कागदी रजिस्टरशी कधीच जुळत नसे. हे दोन्ही शोध लावायला कोणतेही मॉडेल लागले नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरशी बोलावे लागले. तुमच्या कंपनीत हे काम वसुली विभागातील माणसे करतील. त्यांच्याकडे एक दिवस बसा.

मुठाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल प्रत्येक कॉलमपुढे ती माहिती कधी नोंदवली जाते ते लिहीत गेले. एकूण ४३ कॉलमपैकी ११ कर्जवाटपानंतरचे निघाले. त्यांत 'संपर्क संख्या' नावाचा एक होता. तो अर्जदाराने दिलेल्या फोन क्रमांकांची संख्या असेल असे मी नावावरून गृहीत धरले होते, प्रत्यक्षात ते वसुलीचे फोन होते. ते अकराही काढल्यावर शंभर थकीत कर्जांपैकी जिथे ८९ ओळखली जात होती, तिथे आता ३८ ओळखली जातात. वर्षभराहून कमी वयाची कर्जे अजून वेगळी केलेली नाहीत.

हे सर्व टिपणात लिहून आज मॅनेजरांना दाखवले. त्यांनी ३८ च्या आकड्याखाली रेघ ओढली आणि हाच आकडा पुढच्या बैठकीत मांडू असे म्हणाले. काप्लान-मायर वक्रासाठी प्रत्येक कर्जाची सुरुवात, शेवट आणि शेवटाचे कारण असे टेबल उद्यापासून तयार करणार आहे. गुरुवारी वसुली विभागात बसण्याची परवानगीही मिळाली आहे.