मदत हवी आहे : जुन्या स्प्लेंडरचा क्लच स्लिपही होतो आणि पूर्ण सुटतही नाही

नमस्कार. माझ्याकडे २००५ सालची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे. १५ वर्षे झाल्यावर नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून घेतले आणि गाडी आजही रोज चालते. मी भांडुपला राहतो व सकाळच्या पाळीला अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीत जातो. लोकलने जायचे तर दादरला गाडी बदलून पुन्हा उलटे यावे लागते, म्हणून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ताच बरा पडतो. मात्र त्या रस्त्यावर मेट्रोच्या कामाच्या काळात कित्येक महिने अर्धा क्लच धरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच पुढे सरकावे लागत होते. त्यामुळे क्लचच्या प्लेटी झिजल्या असतील, हे मला मान्य आहे. मला न उलगडणारी गोष्ट वेगळी आहे.

पुलाच्या चढावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला, की इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. हे स्लिप होणे झाले. पण तीच गाडी सिग्नलला क्लच पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये उभी केली, तर हळूहळू पुढे सरकते आणि न्यूट्रल सापडत नाही. सकाळी थंड इंजिनात तेलामुळे प्लेटी चिकटतात, हे ठाऊक आहे. माझ्या गाडीत मात्र हा त्रास इंजिन तापल्यावर वाढतो. केबल नवीन आहे आणि लिव्हरच्या टोकाशी सुमारे १५ मिलिमीटर ढील ठेवली आहे. ढील कमी केली तर स्लिप वाढते, वाढवली तर क्लच सुटत नाही. म्हणजे नुसत्या ॲडजस्टमेंटने हे प्रकरण सुटणारे नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जुलैच्या एका पावसात गाडी इंजिनपर्यंत पाण्यात उभी होती. तेल दुधाळ झाले, म्हणून जवळच्या गॅरेजमध्ये लगेच बदलून घेतले. नंतर डबा पाहिला, तेव्हा त्यावर ‘जासो एमबी’ (जासो म्हणजे दुचाकीच्या तेलाची जपानी प्रतवारी) असे छापलेले आढळले. हे कमी घर्षणाचे तेल प्रामुख्याने ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असते, कारण त्यांचा क्लच इंजिनच्या तेलात बुडालेला नसतो. स्प्लेंडरचा क्लच तेलातच फिरतो, त्याला ‘एमए’ प्रतीचे तेल हवे. स्लिप सुरू झाली ती या तेलानंतरच्या दोन आठवड्यांत.

दोन मेकॅनिकना दाखवले. पहिल्याने कव्हर न उघडताच संपूर्ण क्लच असेंब्ली बदलण्याचा सल्ला दिला. दुसरा म्हणाला, क्लच प्लेटी आणि स्प्रिंग टाका, पुरे. माझा अंदाज असा, की लोखंडी प्लेटी उष्णतेने वाकल्या असाव्यात किंवा हाउसिंगच्या (प्लेटी ज्यात बसतात त्या बाहेरच्या वाटीच्या) खाचांच्या कडांवर प्लेटींच्या कानांनी, म्हणजे बाहेर आलेल्या दातांनी, चरे पाडले असावेत. तसे असेल तर नव्या प्लेटीही त्या चऱ्यांत अडकतील आणि क्लच सुटणार नाही. स्लिप तेवढी थांबेल.

ताजी भर, शुक्रवार रात्र : ‘एमए’ प्रतीचे तेल भरून साधारण ६० किलोमीटर गाडी चालवली. स्लिप स्पष्टपणे कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. सिग्नलला पुढे सरकणे मात्र जसेच्या तसे आहे.

आता रविवारी इमारतीच्या आवारात तेल काढून, किक आणि उजवे कव्हर उतरवून मी स्वतः पाहणार आहे. लोखंडी प्लेटी जाड काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासेन आणि तापून निळ्या पडलेल्या प्लेटी बाजूला काढेन. ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : हाउसिंगवरचे चरे बारीक कानसीने सपाट करणे कितपत सुरक्षित आहे आणि कोणत्या खोलीनंतर हाउसिंग बदलणेच योग्य? पाण्यात राहिलेल्या क्लच प्लेटींचे (लोखंडी प्लेटींच्या मधल्या, घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटींचे) अस्तर सुटू लागले आहे, हे हाताला किंवा डोळ्यांना कसे कळते? नव्या प्लेटी बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजवायच्या, एवढे मला माहीत आहे. स्प्रिंगचे बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळण्याची काळजीही घेईन, कारण तिथली ॲल्युमिनियमची आटी लवकर जाते. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणायचे आहेत. हाउसिंग घ्यायचे की नाही हे शनिवारी दुपारपर्यंत कळले, तर सगळे एकाच फेरीत आणता येईल.