नीरीचं उदाहरण आठवलं म्हणून

विद्यापीठातलं संशोधन कपाटात पडून राहतं, संयुक्त राष्ट्रांच्या २०३० पर्यंतच्या १७ शाश्वत विकास ध्येयांशी त्याचा काय संबंध, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. आमच्या नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था; विद्यापीठ नाही, मान्य) पाण्यातलं फ्लोराइड कमी करायची नलगोंडा पद्धत काढली, फ्लोराइडवालं पाणी घ्यायचं, तुरटी नि चुना टाकून ढवळायचं, गाळ बसला की वरचं पाणी गाळून घ्यायचं, बस, घरी बादलीतही जमतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, दातांवर डाग पडतात, हाडं वाकतात, म्हणून ६ नंबरचं ध्येय, स्वच्छ पाणी, आपल्याकडे पोस्टरपुरतं नाही हो.

पण तुरटीचा डोस पाण्यागणिक बदलतो, तो गावात ठरवणार कोण, तुरटीमुळे होणारा अ‍ॅल्युमिनियमवाला गाळ टाकायचा कुठे? इथंच विद्यापीठ पाहिजे. १९२३ पासूनचं नागपूर विद्यापीठ आहे आपलं, केमिस्ट्रीच्या एमएस्सीच्या पोरापोरींना प्रोजेक्टसाठी एकेका तालुक्यातले बोअर वाटून द्या, उन्हाळ्यात एकदा नि पावसाळ्यानंतर एकदा तपासायला लावा, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहा, पेपर नंतर छापा.