मदत हवी आहे: हेड गास्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) सारखं उडतंय, फायर रिंग (सिलिंडरच्या तोंडाभोवती बसणारी धातूची कडी) कशी बसवायची?

पुलिंग ट्रकसाठी (स्लेज म्हणजे वजनाची घसरगाडी ओढायच्या स्पर्धेचा ट्रक) कमिन्स 5.9, 12 व्हॉल्व्ह डिझेल इंजिन बांधलंय, पी7100 इंधन पंप, कंपाउंड टर्बो (एकापाठोपाठ जोडलेले टर्बो), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) 80 पीएसआयच्या आसपास. स्लेजवरचं वजन पुढे सरकून लोड वाढला की हेड उचलतं, कूलंटमध्ये बुडबुडे येतात आणि खोलल्यावर गास्केट दरवेळी तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मधेच जळालेलं. 12 एमएमचे बोल्ट काढून 14 एमएम स्टड टाकले, हेड आणि ब्लॉक दोन्ही फेस केले (पृष्ठभाग सपाट करून घेतले), इंजिन गरम करून परत टॉर्क दिला, इंधन सोडायचं टायमिंग पण मागे घेतलं (ताकद तेवढी गेली, बाकी काही फरक नाही). गाडी फक्त स्पर्धेलाच चालते म्हणून सारखं टॉर्क करायला लागलं तरी चालेल, पण ब्लॉक हाच ठेवायचाय. तर फायर रिंगसाठी खाच फक्त हेडमध्ये मारून भागतं का ब्लॉकमध्येही मारावीच लागते, आणि रिंग खाचेच्या किती वर ठेवता?