तुमच्या खिडकीवर होर्डिंग आलंय का? अनुभव लिहा

माहीम (धागाकर्ती)
आमची इमारत तीन मजली, जुनी, अगदी नाक्यावरची. गेल्या आठवड्यात जिन्यात नोटीस लागली : पश्चिमेच्या भिंतीवर जाहिरातीसाठी लोखंडी सांगाडा उभारायचा प्रस्ताव आलाय, भाड्यातून इमारतीची दुरुस्ती आणि रंगकाम होईल, विशेष सभेत मंजुरी घ्यायची आहे. पश्चिमेला माझं स्वयंपाकघर आणि आईची खोली. सभेत मला विरोध करायचाय, पण "माझी खिडकी" एवढ्यावर कोणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. रंग उडालाय, प्लास्टर पडतंय, पैसा कोणालाही हवाच आहे. ज्यांनी हे भोगलंय, ज्यांनी थांबवलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दादर
आमच्याकडे तीन वर्षं होतं. जाळीचा फ्लेक्स आहे, हवा-उजेड येत राहील असं सांगितलं होतं. हवा थोडी यायची. उजेड यायचा तो जाहिरातीच्या रंगाचा. साबणाची जाहिरात लागली तेव्हा आमचं स्वयंपाकघर दिवसभर निळं असायचं. तव्यावरची पोळी भाजली की कच्ची आहे ते कळायचं नाही, म्हणून भर दुपारी ट्यूब लावून पोळ्या केल्या. खिडकीतली तुळस आधी पांढुरकी झाली, मग नुसतीच उंच वाढत गेली आणि एक दिवस कलंडली.

भाडं सगळ्या सभासदांत वाटलं गेलं, अंधार मात्र आम्हा सात घरांनाच. हे मी तीन सभांत बोलले, काही उपयोग झाला नाही. शेवटी अध्यक्षांना म्हटलं, दुपारी बारा वाजता माझ्या ओट्यापाशी दहा मिनिटं उभे राहा. ते आले, सेक्रेटरींनाही घेऊन आले. काहीच बोलले नाहीत. पण मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवला नाही. तुम्हीही बोलावा त्यांना घरी. कागदावर हे कळत नाही.

ठाणे
मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, तेव्हा माझ्या बाजूचं सांगतो. होर्डिंगचं वजन हा प्रश्नाचा लहान भाग. मोठा भाग वाऱ्याचा. होर्डिंग म्हणजे शिडासारखा पत्रा : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि उंचीवर वारा जास्तच. हा सगळा दाब सांगाड्यातून तुमच्या भिंतीत, बीममध्ये, गच्चीच्या स्लॅबमध्ये उतरतो. जुनी इमारत बांधताना हा हिशेब कोणी केलेला नसतो.

घाटकोपरला १३ मे २०२४ ला वादळात पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. १७ माणसं गेली. पाया पुरेसा नव्हता, ही गोष्ट माणसं गेल्यावर चर्चेत आली.

सभेत एकच मागणी लावून धरा : नुसत्या सांगाड्याचं नको, सांगाड्यासह आपल्या इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र, वाऱ्याच्या दाबाच्या गणितासकट, आणि तेही सोसायटीने नेमलेल्या इंजिनियरकडून. ज्याला जाहिरात लावायची आहे त्याच्या इंजिनियरचा कागद चालवून घेऊ नका. शिवाय १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३२८ प्रमाणे गच्चीवरच्या आकाशचिन्हाला, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या जाहिरातफलकाला, आयुक्तांची लेखी परवानगी लागते. सोसायटीचा ठराव म्हणजे ती परवानगी नव्हे.

पुणे
ठाणेकरांनी लिहिलंय त्यात गळतीची भर घाला. आमच्या गच्चीत अँगल बसवायला भोकं पाडली, वॉटरप्रूफिंग फुटलं, पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या. एजन्सीचा माणूस म्हणाला, गळती आधीचीच असेल.

मग आम्ही माहिती अधिकारात परवानगीची प्रत मागवली. मंजुरी २० बाय १० फुटांची निघाली. गच्चीवर एक-एक फुटाच्या टाइल्स आहेत, त्यामुळे टेपही लागला नाही : रुंदी ४० टाइल्स. फोटो काढले, आकाशचिन्ह विभागात अर्ज दिला, अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या वेळी गॅसकटर घेऊन माणसं आली.

मी ५ ऑक्टोबर २०१८ ला जुन्या बाजाराच्या चौकाच्या अलीकडेच होतो. होर्डिंगचा सांगाडा काढता काढता सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडला, चौघं गेले. म्हणून काढतानाही आम्ही खालचा रस्ता बंद करायला लावला. हे विसरू नका.

किवळे
आमच्या भागात १७ एप्रिल २०२३ ला पाच जण गेले. पाऊस आला म्हणून आडोशाला उभे होते. मी अजूनही पावसात होर्डिंगखालून गाडी नेत नाही.

अंधेरी
आमच्या समोरच्या इमारतीवर एलईडी पडदा आहे. दर आठ सेकंदांनी चित्र बदलतं, मी मोजलंय, कारण तेव्हा बाळ दीड महिन्याचं होतं आणि रात्रभर मी जागीच. छतावर लाल, मग पांढरा, मग परत लाल. जाड पडदे लावले तर खोलीत घुसमट. एकटीच्या तक्रारीला उत्तर आलं नाही. गल्लीतल्या ६२ घरांच्या सह्या नेल्या तेव्हा रात्री अकरानंतर बंद होऊ लागला. सह्या घ्या, ताई. दारोदार जाऊन घ्या, ग्रुपवर अंगठे मागू नका.

नाशिक
होर्डिंगसमोरचा आमचा पर्जन्यवृक्ष ऐन जुलैत निष्पर्ण झाला. बुंध्यावर बोटभर भोकं सापडली. पंचनामा झाला, कोणी केलं ते सिद्ध झालं नाही. झाड गेलं ते गेलंच.

मुलुंड
मी दुसऱ्या बाजूचा. सेक्रेटरी असताना होर्डिंगसाठी मीच ठराव मांडला होता. आमच्याकडे निम्मे सभासद पेन्शनवर. लिफ्ट बंद पडली होती, चौथ्या मजल्यावरच्या आजी पाच महिने खाली उतरल्या नव्हत्या. वर्गणी मागितली तर लोक दार लावून घेत. त्या भाड्यातून लिफ्ट झाली आणि आजी स्वतःच्या पायांनी देवळात गेल्या. याची मला लाज वाटत नाही.

पण घाटकोपरची बातमी आली त्या संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर गेलो. सांगाड्याला हात लावला तर तो थरथरत होता आणि ती थरथर पायाखालच्या स्लॅबमध्येही लागत होती. रात्रभर जिन्यात बसून होतो. महिन्याभरात उतरवून घेतलं. मला एवढंच म्हणायचंय की नुसता विरोध करू नका. रंगकामाचा पैसा कुठून येईल याचा कागद घेऊन सभेत जा, नाहीतर हराल.

माहीम (धागाकर्ती)
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काल सभा झाली. मुलुंडच्या काकांचं ऐकून दुरुस्तीचे हप्ते कसे पाडता येतील ते लिहून नेलं होतं. १९ घरांच्या सह्या होत्या. ठराव फेटाळला गेला नाही, पुढे ढकललाय. स्थैर्य प्रमाणपत्र सोसायटीचाच इंजिनियर देईल, एवढं मान्य झालं.

आणि रविवारी दुपारी बाराला कमिटीचे पाचही जण माझ्या स्वयंपाकघरात येणार आहेत. त्याआधी खिडकीला बाहेरून निळी चादर बांधून ठेवते.