ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २ चा डेमो: पहिला गेम अर्धवट सोडलेल्या माणसाने परत यात पडावं का?

अर्धवट_सेव्हफाइल

मंडळी, ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २ या आठ नायकांच्या रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमचा डेमो, म्हणजे फुकट चाखायला दिलेला तुकडा, काल रात्री उतरवला आणि त्याची तीन तासांची मर्यादा संपेपर्यंत जागचा हललो नाही, आता सकाळपासून डोक्यात तेच चाललंय म्हणून विचारतोय.

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो. पहिला गेम २०१८ ला आला तेव्हा पिसाटासारखा खेळलो होतो, साधारण चाळीस तास झाले आणि तिसऱ्या चॅप्टरांपाशी सोडून दिला तो दिलाच. कारण दोन. एक म्हणजे आठ माणसं एकत्र फिरतात, एकत्र मार खातात, पण एकाच्या गोष्टीत दुसरा कोणी नसतोच, बॉसची, म्हणजे चॅप्टरच्या शेवटच्या मोठ्या शत्रूची, लढाई झाली की बाकीचे तिघं हवेत विरून जातात आणि सीनमध्ये एकटाच उभा. मधूनमधून दोन ओळींच्या गप्पा मारतात तेवढंच. दुसरं म्हणजे प्रत्येक चॅप्टरचा साचा एकच, गावात जा, कोणाला तरी विचार नाहीतर कोणाचं तरी काहीतरी चोर, गुहेत जा, बॉस मार. वर बाहेर बसलेल्या चौघांना अनुभव मिळत नाही, म्हणजे त्यांची पाळी आली की परत लेव्हल वाढवत बसा.

आता डेमो. मी थ्रोनेने सुरुवात केली, ती चोर, गळ्यात पट्टा असलेली. न्यू डेल्स्टा शहरात रात्री पहिल्यांदा फिरलो तेव्हा दहा मिनिटं काहीच केलं नाही, नुसता रस्त्याने चालत संगीत ऐकत होतो. एका बटणावर दिवसाची रात्र होते, त्याबरोबर संगीतही बदलतं आणि रस्त्यावरची माणसंही. फक्त एक गंमत कळली नाही, ही चोर असून चोरी दिवसाढवळ्या करते आणि रात्री माणसं बेशुद्ध पाडत फिरते, म्हणजे उलट नको का?

तर प्रश्न असे: १) हे सगळं वरवरचं पॉलिश आहे की आतूनही काही बदललंय? २) सेव्ह, म्हणजे इथवरची प्रगती, पुढे पूर्ण गेममध्ये नेता येतो, पण पहिल्यात सुरुवातीला निवडलेला माणूस त्याची गोष्ट संपेपर्यंत पार्टीतून, म्हणजे सोबत लढणाऱ्या चौघांतून, काढता येत नव्हता, इथेही तसंच असणार, मग सुरुवात कोणापासून करावी?

शील्डतोड्या

आतून बदललंय की राव, लढाईत बदललंय ना! तू तीन तास संगीत ऐकत बसलास वाटतं.

शील्ड आणि कमजोरीचा खेळ तोच आहे, म्हणजे शत्रूला जे झोंबतं ते शोधायचं, शील्ड शून्यावर आणायची, ब्रेक झाला, म्हणजे तो काही वेळ हतबल झाला, की साठवलेले बीपी, म्हणजे वार वाढवणारे पॉइंट, एकदम ओतायचे. तो भाग बिघडलेला नव्हताच, हात लावला नाही ते बरं केलं. पण आता प्रत्येकाला स्वतःची एक लेटेंट पॉवर दिलीय, मार खाल्ला किंवा शत्रूला ब्रेक केलं की गेज भरतं आणि भरलं की वापरायचं. तुझी थ्रोने एका टर्नला दोनदा वार करते. धर्मगुरू टेमेनॉस कमजोरी असो नसो, कशानेही मारलं तरी शील्ड कमी करतो, आणि व्यापारी पार्टिशिओचं तर बघच, एक आरोळी ठोकतो की बीपी पूर्ण भरतात! पहिल्या गेममध्ये बीपी म्हणजे कंजूस माणसाची थैली होती, टर्नला एक एक जमवायचा, पाचाच्या वर जमत नाहीत, एका वेळी तीनच उधळायचे आणि उधळले की पुढच्या टर्नला मिळत नाही. आता तो हिशोबच बदलतो, कारण तुझ्याकडे दोन घड्याळं चालू असतात, एक बीपीचं आणि एक लेटेंटचं, आणि शत्रूचा ब्रेक नेमका दोन्ही भरलेले असताना पडावा म्हणून एक वार मुद्दाम राखून ठेवायचा. मी एका बॉसला शील्ड एकवर आणून दोन टर्न नुसता बचाव करत बसलो, हात शिवशिवत होते, पण मग ब्रेक केल्यावर जो काही धुतलाय त्याला...

आणि हो, लढाईचा वेग दुप्पट करता येतो. पहिल्यात हे असतं तर तुझे चाळीस तास पंचवीसच झाले असते आणि कदाचित संपवला असतास.

जुना_भिडू

मी जरा विरजण घालतो, राग मानू नका.

पहिल्या गेमचाही रिलीजच्या आधी तीन तासांचाच डेमो आला होता, त्याचाही सेव्ह पुढे नेता येत होता, आणि तेव्हाही लोक अस्सेच खुळावले होते. मी पण. साधी गोष्ट आहे, या मालिकेत पहिले चॅप्टर उत्तमच असतात. आठ माणसांच्या आठ सुरुवाती, प्रत्येक सुरुवात म्हणजे एक छोटीशी कथा, ती वाईट कशी असेल? रोग तिसऱ्या चॅप्टरला दिसतो आणि तिसरा चॅप्टर डेमोत नाही.

शिवाय डेमो डेमोत फरक असतो. २०१७ मध्ये पहिल्या गेमचा जो अगदी सुरुवातीचा डेमो काढला होता, ज्यात आठांपैकी फक्त ओल्बेरिक आणि प्रिमरोज होते, तो खेळून झाल्यावर त्यांनी लोकांकडून मतं मागवली आणि त्यावरून गेममध्ये बदल केले. तो डेमो म्हणजे शिजत असताना चव घ्यायला दिलेला चमचा होता. हा तसा नाही, गेम २४ फेब्रुवारी २०२३ ला येतोय, दहा दिवस पण नाहीत हातात, आता तुम्ही काहीही म्हणालात तरी काय बदलणार? ही दुकानाची काच आहे, काचेत चांगलंच मांडतात.

आणि गोष्टी जोडण्याबद्दल, पहिल्यातही आठही गोष्टी शेवटी जोडलेल्या होत्याच की. फक्त ती जोडणी त्यांनी अशा ठिकाणी ठेवली की जिथे आधी आठ बॉस ओळीने, मध्ये सेव्ह नाही, मग गाल्डेरा हा खरा शेवटचा बॉस, तोही दोन टप्प्यांत. किती जण तिथवर पोचले असतील? तुम्ही कथेचा शेवट तिजोरीत ठेवून चावी विहिरीत टाकलीत आणि वर म्हणता कथा आहे.

शील्डतोड्या

गाल्डेराचं नाव काढू नकोस भावा, जखम भरली नाहीये अजून. दुसऱ्या टप्प्यात हरलो होतो. आठ बॉस परत.

चंद्रघुबड

मी ओस्वाल्डने सुरुवात केली आणि मला जुना_भिडू यांचं म्हणणं अर्धंच पटतंय.

पहिले चॅप्टर चांगले असतात हे खरं, पण पहिल्या गेममधले सगळे पहिले चॅप्टर चांगले असले तरी एकाच ठशाचे होते, गाव, गुहा, बॉस. ओस्वाल्डचा तसा नाहीये. हा विद्वान माणूस, बायको आणि मुलीच्या खुनाच्या आरोपात जन्मठेप भोगतोय, बर्फातल्या बेटावरच्या तुरुंगात, आणि अख्खा चॅप्टर म्हणजे तिथून पळायची तयारी. गावच नाही! दिवसा कैद्यांचं आणि पहारेकऱ्यांचं निरीक्षण करून माहिती काढायची आणि रात्री त्याच माणसांना मारून त्यांच्याकडचं सामान हिसकावायचं. म्हणजे दिवस-रात्रीचं बटण इथे नुसतं शोभेचं नाही, चॅप्टरच त्याच्यावर उभा आहे. मी सगळं स्किप न करता वाचत गेले म्हणून माझा बराचसा वेळ त्यातच गेला, पण चुकूनही कंटाळा आला नाही. पहिल्या गेममधला सायरस पण विद्वानच होता, पण तो सभ्य गुरुजी, हा बोलतच नाही फारसा, आणि लढाईत सगळ्यांवर पडणारा मंत्र एकाच शत्रूवर एकवटून टाकतो, त्याच्या स्वभावाला ते इतकं शोभतं की लिहिणाऱ्याने आधी माणूस उभा केला आणि मग त्याची पॉवर ठरवली असं वाटतं. कास्टीचंही तसंच, ती औषधवाली आहे पण स्मृती गेलीय, होडीत वाहत आलेली, स्वतःचं काही आठवत नाही आणि लोकांची मात्र विचारपूस करत फिरते.

दोघादोघांच्या मिळून वेगळ्या गोष्टी असणार हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. त्या डेमोत नाहीत, तेव्हा त्यावर मत देणं म्हणजे बाजारात तुरी. पण किमान तक्रार ऐकली एवढं तरी दिसतं.

अर्धवट_सेव्हफाइल, तुमच्या चोरीच्या प्रश्नावर: चोरीला टक्केवारी असते, फसली तर गावात बदनामी होते. रात्रीचा हल्ला लेव्हलवर असतो, लेव्हल पुरेशी असेल तर फसत नाही. म्हणजे दिवसा जोखीम, रात्री खात्री. मला तरी ते बरोबर वाटलं.

धाव_रे

टायमरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. तीन तास संपले तरी नवीन सेव्ह सुरू करता येतो, आठही जण करून बघा, कोण अडवतंय. फक्त जो सेव्ह पुढे न्यायचा आहे त्यात वेळेवर सेव्ह करत जा, शेवटच्या पाच मिनिटांत बॉसला हात घालू नका. अनुभवाचे बोल. आणि ओशेत या शिकारी मुलीने सुरू केलं तर सोबती म्हणून कोल्हा की घुबड असं निवडायला लागतं, त्यावर मी वीस मिनिटं घालवली.

अर्धवट_सेव्हफाइल

कोल्हा की घुबड, काय घेतलं शेवटी?

बाकी चंद्रघुबड, तुमचं वाचून काल परत बसलो, नवीन सेव्ह, ओस्वाल्ड. खरंच वेगळं आहे, गुहेत शिरायचं आणि पेट्या उघडायच्या असं न वाटता काहीतरी रचतोय असं वाटत होतं. पण एक सांगू का, मधेच मला तीच जुनी सवय लागली, प्रत्येकाचं निरीक्षण करून चार ओळींची माहिती वाचायची. कोणी कैदी, कोणी पहारेकरी, मुख्य गोष्टीशी काडीचा संबंध नाही, तरी वाचतोय. पहिल्या गेममध्येही माझा निम्मा वेळ यातच जायचा, हे आत्ता आठवलं. तो मला कधीच कंटाळवाणा वाटला नव्हता, मुख्य गोष्टच वाटायची.

जुना_भिडू

हे मात्र कबूल. या मालिकेतली खरी माणसं त्या चार ओळींतच असतात. आठ नायक म्हणजे तिथवर जायचं निमित्त.

सुरुवातीबद्दल माझं मत: जो पार्टीतून निघणार नाही तो असा निवड की ज्याची सतत गरज पडेल. पहिल्यात मी थेरियन या चोराने सुरू केलं होतं, कारण कुलूपबंद पेट्या तोच उघडायचा, त्यामुळे अडकलाय असं कधी वाटलं नाही. चोर पार्टीत कायम असलेला परवडतो. तू थ्रोनेवरच राहा, रात्री तिला लढाईत बळही मिळतं.

मी स्वतः थांबणार आहे, कोणीतरी तिसऱ्या चॅप्टरपर्यंत जाऊन सांगा.

शील्डतोड्या

म्हणे थांबणार आहे. डेमो किती वेळा खेळलास ते सांग आधी.

जुना_भिडू

चारदा.

धाव_रे

घुबड घेतलं. आणि दुसऱ्या सेव्हमध्ये कोल्हा.