मदत हवी आहे: बद्धकोष्ठतेवर औषधासोबत अ‍ॅक्युपंक्चर
आईला (वय ६२) तीन वर्षांपासून आठवड्यातून जेमतेम दोनदा, तेही कुंथून, शौचाला होते. कोलोनोस्कोपी व थायरॉइडच्या तपासणीत दोष आढळला नाही. इसबगोलाने फरक पडला नाही, लॅक्टुलोजने पोट फुगले. सध्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड रोज पाण्यातून घेतल्यास बरे असते, पण दोन दिवस चुकले की पोट पुन्हा दगडासारखे होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, १,०७५ रुग्णांवरील चिनी चाचणीत सुयांतून सौम्य वीजप्रवाह देऊन आठ आठवड्यांत २८ सत्रे केली होती आणि पुढील १२ आठवडे गुण टिकला; मात्र ती तुलना वरवर टोचलेल्या सुयांच्या नकली उपचाराशी होती, औषधाशी नव्हे, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. ज्यांनी दोन्ही उपचार घेतले, त्यांनी सत्रांच्या काळात पूड चालू ठेवली की हळूहळू कमी केली, आणि सत्रे संपल्यावर गुण किती महिने टिकला?